आत्मकथनपर एकपात्री नाट्य, साहसी स्त्री आणि स्थानिक समूहाचा सहभाग : मढ (ता. जुन्नर) परिसराच्या संदर्भात

सारांश : मराठी रंगभूमीवर स्त्रीचे आयुष्य तिच्याच तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनातून मांडणाऱ्या नाट्यप्रयोगांची एक स्वतंत्र धारा १९८०च्या दशकापासून दिसून येते. सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हे या धारेतील महत्त्वाचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या नाट्यप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करून, जुन्नर तालुक्यातील मढ परिसरासारख्या ग्रामीण व आदिवासीबहुल भागात तो स्थानिक समूहाशी कोणत्या प्रकारे जोडला जाऊ शकतो, याचा विचार केला आहे. त्यासाठी ओतूर येथून १८७७ साली लिहिलेले सावित्रीबाई फुले यांचे पत्र आणि नारायणगावच्या विठाबाई यांचे जीवन हे दोन स्थानिक संदर्भ घेतले आहेत.

बीजशब्द : आत्मकथन, एकपात्री प्रयोग, स्त्रीसाहस, लोकसहभाग, सत्यशोधक परंपरा, तमाशा, ओवी.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर तालुका आहे. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तालुक्याच्या पश्चिम भागात मढ हे गाव वसले आहे. पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय, भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूला चढत जाणारी सह्याद्रीची रांग असा हा परिसर आहे. महादेव कोळी समाजाची वस्ती या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आहे. भातशेती, बाळहिरडा गोळा करणे आणि पूर्वेकडील बागायती गावांत हंगामी मजुरीला जाणे ही येथील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेची साधने होत. या तिन्ही कामांत स्त्रियांचे श्रम मोठे आहेत.

अशा भागात ‘साहसी स्त्री’ हा विषय घेऊन नाटक न्यायचे म्हटले, तर दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न असा की, रंगमंचावरची साहसी स्त्री ही दूरची, थोर आणि पूजनीय व्यक्ती म्हणून येते की पाहणाऱ्या स्त्रीला आपल्या जवळची वाटते? दुसरा प्रश्न असा की, गाव हे केवळ प्रेक्षकांची जमवाजमव करण्याचे ठिकाण राहते की कथा घडविण्यात त्याचाही वाटा असतो? आत्मकथनपर नाट्याचे सामाजिक मूल्य या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. रंगमंचावर उच्चारला जाणारा ‘मी’ हा शब्द समोर बसलेल्या स्त्रीला आपलासा करता आला, तरच प्रयोग समूहापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. प्रस्तुत विवेचनाचे हेच मध्यवर्ती सूत्र आहे.

२. ‘साहस’ या शब्दाचा अर्थविस्तार

‘साहस’ हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो. प्राचीन धर्मशास्त्रीय ग्रंथांत मात्र ‘साहस’ म्हणजे बळजोरीने केलेले गुन्हेगारी कृत्य असा अर्थ आढळतो. स्त्रियांच्या तथाकथित स्वाभाविक दोषांची यादी देणाऱ्या एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितातही साहसाचा समावेश केलेला आहे. म्हणजेच पुरुषाच्या बाबतीत जे पराक्रम ठरले, तेच स्त्रीच्या बाबतीत अविचार मानले गेले. शब्दाच्या या इतिहासाकडे दुर्लक्ष करून साहसी स्त्रियांची नाटके समजून घेता येणार नाहीत.

साहस म्हटले की गड चढणे, समुद्र ओलांडणे किंवा शस्त्र हाती घेणे अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील पुण्यात एका स्त्रीने शिकविण्यासाठी रोज रस्त्याने चालत जाणे हेही तितकेच जोखमीचे कृत्य होते. रस्त्यात अंगावर शेण-चिखल फेकला जाईल हे ठाऊक असल्यामुळे सावित्रीबाई दुसरे लुगडे बरोबर नेत असत, अशी आठवण सांगितली जाते. पहिल्या दिवशी घराबाहेर पडण्यात धैर्य होतेच. दुसरे लुगडे घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा निघण्यात ते अधिक होते. साहसाची ही व्याख्या स्वीकारली की ग्रामसभेत पहिल्यांदा उभे राहून बोलणारी, अंधारात पाण्यासाठी निघणारी किंवा पतीच्या निधनानंतर सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेण्यासाठी तलाठी कार्यालयाच्या खेपा घालणारी स्त्रीही या विषयाच्या कक्षेत येते.

३. आत्मकथनपर नाट्य : संकल्पना व परंपरा

आत्मकथनपर नाट्य म्हणजे एखाद्या व्यक्तीचे जीवन तिच्याच दृष्टीने, प्रथमपुरुषी निवेदनाद्वारे रंगमंचावर सादर करणे होय. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात कलावंत स्वतःचेच आयुष्य सांगतो. दुसऱ्या प्रकारात लिखित आत्मचरित्राचे नाट्यरूपांतर केले जाते. तिसऱ्या प्रकारात जिने आत्मचरित्र लिहिले नाही अशा स्त्रीचे आत्मकथन पत्रे, आठवणी, कागदपत्रे व मुलाखती यांच्या आधारे नव्याने रचले जाते. मराठीत तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण ज्या स्त्रियांचे जीवन सर्वाधिक जोखमीचे होते, त्यांपैकी अनेकींना लिहिण्याची सवड वा संधी मिळालीच नाही.

स्त्रीने स्वतःविषयी बोलण्याची परंपरा मराठीला नवी नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याची हकीकत अभंगांतून सांगितली. आधुनिक काळात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’, हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) असा हा प्रवाह विस्तारत गेला. पतीच्या आठवणींच्या निमित्ताने स्वतःविषयी बोलणारी स्त्री पुढे स्वतःच्या निमित्ताने समाजाविषयी बोलू लागली, असे या प्रवाहाचे वळण दिसते.

रंगभूमीच्या बाजूनेही पूर्वतयारी झालेली होती. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून लोकशिक्षणासाठी नाट्यमाध्यम वापरण्याचा प्रयत्न केला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे सत्यशोधक जलसे आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा बाज घेऊन गावोगावी विचार पोहोचविला. स्त्रीमुक्ती चळवळीच्या काळात ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ (१९८३) हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी ठिकठिकाणी सादर केले. या नाटकात अनेक स्त्रियांचा सामूहिक आवाज होता. त्यानंतर काही वर्षांतच एका स्त्रीचा एकटा आवाज रंगमंचावर आला.

४. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ : ‘मी’ची रचना

सुषमा देशपांडे यांनी लिहिलेला व स्वतः सादर केलेला ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग १९८९ साली सुरू झाला. मोठा रंगमंच, नेपथ्य वा प्रकाशयोजना यांवर तो अवलंबून नसल्यामुळे नाट्यगृहाबाहेर, ग्रामीण भागात व संस्थासंघटनांच्या मेळाव्यांतही तो सादर होऊ शकला. पुढे तो हिंदीतूनही सादर झाला आणि नंतरच्या पिढीतील अभिनेत्रींनीही ही भूमिका केली.

या प्रयोगाचे शीर्षकच विचार करण्याजोगे आहे. ‘व्हय’ हा होकार आहे आणि होकार हा नेहमी कोणत्या तरी प्रश्नाला दिलेला असतो. ‘तूच का ती?’ असा समाजाचा दरडावणीचा प्रश्न या शीर्षकाच्या मागे ऐकू येतो. शिवाय ‘होय’ऐवजी ‘व्हय’ हे बोलीतील रूप वापरल्यामुळे पाठ्यपुस्तकातील तसबिरीत बसलेली सावित्रीबाई एकदम नायगावच्या पाटलाची लेक म्हणून समोर येते. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेली ही मुलगी लहान वयात लग्न होऊन पुण्यास आली, शिकली, १८४८ साली भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागली. १८५४ साली तिचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत तिने स्वतः टिटवे धरले आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी तिचा मृत्यू झाला. हा क्रम चरित्रग्रंथांतून माहीत असतो. तोच क्रम ‘मी’च्या तोंडी आला की माहितीचे रूपांतर साक्षीत होते, आणि साक्ष ऐकणाऱ्यावर तिच्याविषयी काही तरी मत बनविण्याची जबाबदारी येऊन पडते.

एकटी स्त्री उभी राहून श्रोत्यांशी थेट बोलते, हा प्रकार ग्रामीण प्रेक्षकाला परका वाटत नाही. हरिनाम सप्ताहातील कीर्तन, गोंधळातील आख्यान, वासुदेवाचे गाणे, तमाशातील बतावणी या सर्वांत निवेदक क्षणात पात्र होतो आणि क्षणात पुन्हा निवेदक होतो. जुन्नर परिसरातील श्रोत्यांना ही सांकेतिकता कोणी शिकवावी लागत नाही. एकपात्री प्रयोग गावात रुजण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. नवे असते ते एवढेच की, कीर्तनकाराच्या जागी येथे बाई उभी असते आणि आख्यान तिचे स्वतःचे असते.

५. ओतूरचे पत्र : स्थानिक स्मृतीचा आधार

मढ परिसराच्या दृष्टीने सावित्रीबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या व महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. त्यांपैकी २० एप्रिल १८७७ या तारखेचे पत्र ओतूर, जुन्नर येथून लिहिलेले आहे. तो काळ १८७६-७७च्या भीषण दुष्काळाचा होता. माणसे गाव सोडून जात होती, जनावरे मरत होती आणि सावकारांचा जाच वाढला होता, असे चित्र या पत्रात येते. मदतकार्य करणाऱ्या सत्यशोधक कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले. सावित्रीबाईंनी कलेक्टरपुढे त्यांची बाजू मांडली. त्यांची सुटका झाली आणि ज्वारीच्या चार गाड्याही मिळाल्या, असा या पत्रातील वृत्तान्ताचा आशय आहे.

नाट्याच्या दृष्टीने या पत्राची तीन वैशिष्ट्ये सांगता येतील. एक, हे स्वतः सावित्रीबाईंचे प्रथमपुरुषी निवेदन आहे; त्यामुळे आत्मकथनाला त्याचा थेट आधार मिळतो. दोन, येथील साहस अंगावर शेण झेलण्याच्या प्रसंगापेक्षा वेगळ्या स्वरूपाचे आहे. पती सोबत नसताना दुष्काळी मुलखात राहून एक स्त्री शासनयंत्रणेशी बोलणी करते, हिशेब पाहते, लोकांना धीर देते. तीन, या प्रसंगात गाव प्रेक्षक नाही. ओतूर व आसपासच्या सत्यशोधकांनी, पाटील-शेतकऱ्यांनी धोका पत्करून काम केले. सावित्रीबाई त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या आणि तेही त्यांच्याबरोबर उभे राहिले.

सावित्रीबाई म्हणजे पुणे आणि भिडेवाडा, एवढेच ज्या श्रोत्यांना माहीत असते, त्यांच्यापुढे ‘त्या आपल्या ओतूरला राहिल्या होत्या’ हे वाक्य आले की ऐकण्याची पातळी बदलते. मढहून बाजारासाठी, दवाखान्यासाठी, महाविद्यालयासाठी ज्या ओतूरला जावे लागते, तेच हे गाव. अशा ठिकाणी प्रयोगानंतर या पत्राचे वाचन करून दुष्काळ, सावकारी, गाव सोडून जाणे या विषयांवर घरातील वडीलधाऱ्यांनी काय सांगितले आहे, असे विचारले तर चर्चा आपोआप स्थानिक इतिहासाकडे वळू शकते. थोर स्त्रीचे चरित्र आणि गावाची आठवण यांचा सांधा येथे जुळतो.

६. नारायणगाव : विठाबाईंची कथा कोणी सांगावी?

जुन्नर तालुक्यातील दुसरा संदर्भ अगदी वेगळा आहे. नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखातील यात्रांचा हंगाम जवळ आला की येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा समितीचे लोक येऊन आपल्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी ठरवितात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाची परंपरा याच गावाशी निगडित आहे. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) हिने ही परंपरा पुढे नेली. १९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. राज्य शासनातर्फे तमाशा क्षेत्रातील प्रदीर्घ सेवेसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही दिला जातो.

विठाबाईंविषयी एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर रंगमंचामागे जाऊन त्यांनी बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि त्या पुन्हा उभ्या राहण्यास सिद्ध झाल्या. हा प्रसंग ऐकताना श्रोते थक्क होतात. परंतु येथेच विवेचकाने थांबून विचार केला पाहिजे. हे साहस होते यात शंका नाही. पण पूर्ण दिवसांच्या स्त्रीला रंगमंचावर उभे राहावे का लागले? फडाचा खर्च, ठरलेली सुपारी, प्रेक्षकांचा आग्रह, कलावंत स्त्रीला विश्रांतीचा हक्क नसणे, या सर्व गोष्टी त्या एका दगडामागे आहेत. साहसाचे कौतुक करताना ते ज्या परिस्थितीने लादले तिचा विसर पडला, तर कौतुक हेच शोषणावर पांघरूण घालणारे ठरते. विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

आत्मकथनाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. तृतीयपुरुषी निवेदनात ही कथा आख्यायिका बनते. प्रथमपुरुषी निवेदनात मात्र त्या स्त्रीला वेदना, भीती, संताप आणि हिशेबसुद्धा सांगता येतो. सुषमा देशपांडे यांनी ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ या प्रयोगात तमाशातील स्त्रियांच्या आयुष्याला असेच बोलते केले. अनेक कलावंत स्त्रियांशी झालेल्या संवादांतून एका पात्राचे आत्मकथन उभे करण्याची त्यामागील पद्धती अभ्यासनीय आहे. कोणा एकीची ओळख उघड न करता अनेकींचे सत्य त्यातून सांगता येते.

स्थानिक समूहाच्या सहभागाच्या दृष्टीने नारायणगावचा संदर्भ आणखी एक अवघड प्रश्न उपस्थित करतो. जी गावे यात्रेत तमाशाची सुपारी देतात, तीच गावे तमाशातील स्त्रीला प्रतिष्ठा देतातच असे नाही. त्यामुळे या परिसरात तमाशा कलावंत स्त्रीचे आत्मकथन सादर करणे म्हणजे प्रेक्षकांना त्यांच्या स्वतःच्या वागण्यासमोर उभे करणे होय. प्रेक्षक गप्प बसले तर त्या मौनालाही अर्थ असतो.

७. ‘मी’ची विभागणी आणि लिखित नसलेली आत्मकथने

आत्मकथनपर नाट्य म्हणजे एकपात्रीच असले पाहिजे असे नाही. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चे सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली जे रंगरूप सिद्ध झाले, त्यात तीन अभिनेत्री मिळून एकच आयुष्य सांगतात. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून विणलेली टोपली, सूप आदी वस्तू. लेखिकेची आई आयदान विणून संसार चालवीत असे. एक ‘मी’ तीन देहांत विभागला गेल्यामुळे ती कथा एका व्यक्तीची न राहता एका समूहाची होते. गावातील स्त्रियांना प्रत्यक्ष सहभागी करून घ्यायचे असेल तर ही रचना विशेष उपयुक्त आहे. एकटीने तासभर बोलण्याचे धैर्य नसलेल्या स्त्रियाही एकीचे वाक्य दुसरीने पुढे नेत कथा सांगू शकतात.

मढसारख्या गावातील बहुसंख्य वृद्ध स्त्रियांनी आत्मचरित्र लिहिलेले नाही. परंतु त्यांच्याजवळ आत्मकथन नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. जात्यावरची ओवी हे ग्रामीण स्त्रीचे सर्वांत जुने आत्मकथन होय. माहेर, सासर, भाऊ, पाऊस, कष्ट, विठ्ठल या सर्वांविषयी ती पहाटेच्या अंधारात दळता दळता बोलत आली. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलन प्रकल्पातून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या आहेत. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओवीचा रोजचा प्रसंगही उरला नाही. ज्या स्त्रियांनी जात्यावर बसून गायले त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्यानंतर या आठवणी सांगणारे कोणी राहणार नाही. म्हणून हा विषय केवळ नाट्यशास्त्राचा नाही. त्याला काळाची निकड आहे.

८. समूहाच्या सहभागाची प्रक्रिया

लोकसहभागावर आधारलेल्या रंगभूमीचे विविध प्रयोग जगभर झाले आहेत. ब्राझीलमधील ऑगस्टो बोआल यांनी ‘फोरम थिएटर’ ही पद्धती विकसित केली. तिच्यात प्रेक्षक उठून रंगमंचावर येतो आणि अन्याय झेलणाऱ्या पात्राच्या जागी उभा राहून वेगळा मार्ग करून दाखवितो. पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृति’ या संस्थेने ही पद्धती खेड्यांत रुजविली. या अनुभवांतील तत्त्व स्वीकारून, परंतु स्थानिक जीवनक्रमाशी सुसंगत अशी प्रक्रिया मढ परिसरासाठी पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

(अ) ऐकणे : प्रारंभ नाटकाने न करता ऐकण्याने करावा. भाताची आवणी, हिरड्याचा हंगाम आणि मजुरीचा काळ टाळून, स्त्रियांना सोयीच्या वेळी छोट्या गटांत बैठका घ्याव्यात. ‘तुमचे साहस सांगा’ असे विचारल्यास बहुतेक स्त्रिया ‘आम्ही काय केलं?’ असेच म्हणतील. ‘पहिल्यांदा एकटीने प्रवास कधी केला?’, ‘कोणाला कधी नाही म्हणालात?’, ‘धरण झाले तेव्हा घरात काय चालले होते?’ असे प्रश्न अधिक फलदायी ठरतात.

(आ) परवानगी : सांगितलेली कोणती गोष्ट प्रयोगात यावी आणि कोणती येऊ नये, हे सांगणाऱ्या स्त्रीने ठरवावे. लहान गावात नाव बदलल्याने ओळख लपत नाही. घर, आळी आणि प्रसंग यांवरून माणूस कळतो. म्हणून अनेकींच्या अनुभवांतून एक पात्र घडविण्याची वर उल्लेखिलेली पद्धती येथे आवश्यक आहे.

(इ) पहिले वाचन : तयार झालेली संहिता सर्वप्रथम सांगणाऱ्या स्त्रियांनाच वाचून दाखवावी. त्यांच्या बोलीतील शब्द शुद्ध करण्याचा मोह टाळावा. ‘व्हय’चे ‘होय’ झाले की पात्राचा अर्धा जीव जातो.

(ई) प्रयोग : मंदिराचा सभामंडप, शाळेचे आवार किंवा वस्तीवरील मोकळी जागा ही ठिकाणे योग्य ठरतात. पुरुष समोर आणि स्त्रिया मागे अशी नेहमीची बैठक बदलता आल्यास प्रयोगाचा परिणाम वाढतो.

(उ) संवाद : प्रयोगानंतर भाषण ठेवू नये. प्रश्न विचारून थांबावे आणि शांततेला वेळ द्यावा. पहिले उत्तर गावातील प्रतिष्ठितांकडून येण्याची शक्यता असते. ते नम्रतेने ऐकून पुढचा प्रश्न मागे बसलेल्या स्त्रियांकडे न्यावा.

(ऊ) परतफेड : ध्वनिमुद्रण, संहिता व छायाचित्रे यांची प्रत गावातील शाळेत वा वाचनालयात ठेवावी. गावातून घेतलेली कथा गावाला परत मिळाली पाहिजे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. हे अधिकार कागदावरून प्रत्यक्षात येण्यासाठी स्त्रियांनी ग्रामसभेत बोलणे आवश्यक आहे. शंभर माणसांसमोर ‘मी’ म्हणून उभे राहण्याचा सराव नाट्यातून होत असेल, तर त्याचा उपयोग रंगमंचापुरता मर्यादित राहणार नाही.

९. मर्यादा

या नाट्यप्रकाराच्या काही मर्यादांचीही नोंद घेतली पाहिजे. पहिली मर्यादा दैवतीकरणाची आहे. थोर स्त्रीची भूमिका पाहून प्रेक्षक हात जोडतात आणि घरी जातात. हात जोडले की अनुकरणाची जबाबदारी संपते. दुसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची आहे. शहरी, सुशिक्षित अभिनेत्रीने आदिवासी वा दलित स्त्रीचा ‘मी’ उच्चारणे कितपत योग्य, हा प्रश्न टाळता येणार नाही. त्याचे एक उत्तर असे की, बाहेरच्या कलावंताने प्रारंभ करावा आणि क्रमाक्रमाने ती जागा स्थानिक स्त्रियांसाठी मोकळी करावी. तिसरी मर्यादा सातत्याची आहे. एका प्रयोगाने गाव बदलत नाही. जखम उघडी करून निघून जाणारा प्रयोग उपकारापेक्षा अपकारच करतो. म्हणून स्थानिक शाळा, महाविद्यालय, बचत गट वा संघटना यांची साथ असल्याखेरीज असा उपक्रम हाती घेऊ नये.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) साहस ही संकल्पना पराक्रमापुरती मर्यादित न ठेवता दैनंदिन जीवनातील जोखीम पत्करण्यापर्यंत विस्तारली, तर ग्रामीण स्त्रीचे अनुभव नाट्यविषय म्हणून समोर येतात.

२) ‘व्हय, मी सावित्रीबाई’सारख्या प्रयोगांनी चरित्राला साक्षीचे रूप दिले. कीर्तन, आख्यान व तमाशा यांच्याशी असलेल्या नात्यामुळे हा प्रकार ग्रामीण श्रोत्यांना सहज ग्राह्य ठरतो.

३) ओतूरचे १८७७चे पत्र आणि नारायणगावच्या विठाबाईंचे जीवन हे मढ परिसराच्या अगदी जवळचे संदर्भ आहेत. पहिला संदर्भ गावाच्या सहकार्याची, तर दुसरा गावाच्या दुटप्पीपणाची आठवण करून देतो. दोन्ही एकत्र ठेवले तरच चित्र पूर्ण होते.

४) स्थानिक समूहाचा सहभाग म्हणजे प्रेक्षकसंख्या नव्हे. कथा सांगणे, ती निवडणे, नाकारणे, सादर करणे आणि जतन करणे या सर्व टप्प्यांवर गावातील स्त्रियांचा अधिकार मान्य होणे म्हणजे सहभाग होय.

सावित्रीबाईंनी ओतूरहून पत्र लिहिले म्हणून त्या दुष्काळातील त्यांचा आवाज आज ऐकू येतो. त्याच दुष्काळात याच डोंगरपट्ट्यात ज्या स्त्रियांनी कंदमुळे उकडून मुले जगविली असतील, त्यांचे पत्र कोणाजवळ नाही. त्यांच्या लेकी-नातींच्या पिढ्या मात्र आजही मढच्या खाचरांत वाकून आवणी करीत आहेत. त्यांच्यापैकी एखादी उद्या गावापुढे उभी राहून ‘व्हय, मी’ एवढे दोन शब्द म्हणाली आणि त्यापुढे स्वतःचे नाव जोडू शकली, तर या रंगभूमीचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.